लिरॉय तोच, मग ताकद का बदलली?
‘टेक्कन 7’मध्ये लिरॉय स्मिथ डिसेंबर 2019 ला आला, तोही वेगळे पैसे मोजून. वेगवान ठोसे आणि समोरच्याचा वार अडवून त्याच्यावरच उलटवणारी पॅरी. जानेवारी 2020 च्या इव्हो जपान स्पर्धेत शेवटच्या आठपैकी सहा जण लिरॉयच खेळत होते! मग अपडेट आले, त्याची धार कमी झाली.

2024 च्या ‘टेक्कन 8’मध्येही तो आहे, पण तिथली हीट सिस्टीम चढून खेळणाऱ्याला फायदा देते. सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, मूव्ह तीच ठेवून भोवतीचे नियम बदलले तरी कॅरेक्टरची किंमत बदलते. त्यामुळे आज ‘टॉप’ आहे म्हणून पैसे घालू नका. त्याची खेळायची स्टाईल आवडत असेल, तरच घ्या.