ते पिल्लू, तो कोंबडा

मराठीच्या वर्गात आपली मुले 'तो कोंबडा, ती कोंबडी, ते पिल्लू' असे घोकतात. या नपुंसकलिंगाचा खरा अर्थ मला यंदा आमच्या सिएटलच्या घरामागे कळला. मार्चमध्ये आम्ही ६ पिल्ले आणली. दुकानदाराने 'सगळ्या माद्याच' असे सांगून दिली होती. एक दिवसाच्या पिल्लाचे लिंग ओळखण्यात तरबेज माणसाचीही चूक होते. जुलैत एकाचा तुरा लालभडक झाला, शेपटीची पिसे वाकली आणि एका पहाटे साडेचारला त्याने बांग दिली. 'ते' चा 'तो' झाला!

घरात दोन पक्ष पडले. आईला आरवणे ऐकून साताऱ्याकडचे घर आठवले. मुलीने त्याचे नाव राजा ठेवले होते; ती म्हणाली, "बाबा, तो मुलगा निघाला यात त्याचा काय दोष?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तरीही माझे मत 'ठेवू नये' असेच झाले.

एक म्हणजे, अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. कोंबडी एकटीही अंडी घालते. कोंबडा असला तर ती फलित होतात आणि २१ दिवस उबवल्यावर पिल्ले निघतात, एवढाच फरक. दुसरे, एका कोंबड्यामागे ८-१० कोंबड्या तरी हव्यात. आमच्याकडे पाचच. त्यांच्या पाठीवरची पिसे झडू लागली.

तिसरे कारण शेजाऱ्यांचे. सिएटल शहराने २०१० साली परसात ३ ऐवजी ८ कोंबड्या पाळायला परवानगी दिली, पण नवा कोंबडा ठेवायला मनाई केली. मी पडलो इंजिनिअर. रात्री त्याला अंधाऱ्या खोक्यात ठेवून पाहिले. साडेचारला खोक्यातून बांग! जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवले आहे की, कोंबडा शरीरातल्या घड्याळावर आरवतो, उजेडाची वाट पाहत नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे आपल्याला ठाऊक होते. झाकलेले कोंबडे आरवायचेही राहत नाही, हे मला नव्याने कळले.

त्याची बाजूही सांगायला हवी. आकाशात ससाणा दिसला की पहिला इशारा त्याचा. दाणा सापडला की आधी कोंबड्यांना हाक मारायचा.

शेवटी शहराबाहेर शेती असलेल्या एका गृहस्थांनी त्याला नेले. ते स्पष्टच म्हणाले, "आमच्या जुन्या कोंबड्याशी पटले तर राहील, नाहीतर रश्श्यात जाईल." 'राजा शेतावर सुखात आहे' असे मुलीला सांगावे, असे घरात ठरत होते. मी खरे तेच सांगितले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. रविवारी चिकनचे ताट तिने बाजूला सारले आणि माझाही घास अडखळला.

उबवलेल्या अंड्यांतून निम्मे नर निघणारच. अंड्यांच्या जातीचे नर पिल्लू पहिल्याच दिवशी मारण्याची पद्धत अनेक देशांत आहे. जर्मनीने २०२२ पासून ती बंद केली. म्हणजे 'आम्हाला फक्त माद्या द्या' असे आपण म्हणतो, तेव्हा उरलेल्यांचे काय होते, हा हिशेब दुसऱ्यावर टाकतो.

म्हणून माझे मत असे: शहरात कोंबडा ठेवू नये, पण कोंबडा निघाला तर तो कुठे जाईल, हे पिल्ले आणण्याआधीच मुलांना जवळ बसवून ठरवावे. उत्तर नसेल तर मोठ्या झालेल्या कोंबड्याच आणाव्यात. मी हे जुलैत शिकलो, मार्चमध्ये शिकायला हवे होते.

आपल्यापैकी इतरांचे अनुभव वेगळे असतील. पुढच्या अंकासाठी जरूर लिहून द्यावेत.

— एक पालक