फुंकल्याशिवाय न सुरू होणारी मोटार

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहरी, जानेवारी २०२४ मध्ये एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने काही पोलीस अधिकाऱ्यांच्या घरांवर व एका वकिलाच्या कचेरीवर छापे घातले. हे अधिकारी मद्यधुंद चालकांना पकडणाऱ्या पथकातले. पैसे घेऊन ते साक्षीच्या तारखेस न्यायालयात गैरहजर राहत आणि खटला बारगळे. दीडशेहून अधिक खटले सरकारी वकिलांना सोडून द्यावे लागले. २०२५ साली त्या वकिलाने आणि काही अधिकाऱ्यांनी न्यायालयापुढे गुन्ह्याची कबुली दिली. मद्यपी चालकांविरुद्ध एक कडक उपाय अमेरिकेत ज्या राज्याने सर्वांआधी सरसकट लागू केला, तेच हे राज्य. म्हणून या बातमीची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तो उपाय म्हणजे ‘इग्निशन इंटरलॉक’. मोटारीच्या स्टार्टरशी जोडलेले हे एक लहानसे यंत्र. चालकाने प्रथम त्याच्या नळीत फुंकायचे. श्वासातील मद्यार्काचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली असेल तरच मोटार सुरू होते. ही मर्यादा रक्तातील ०.०२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अमेरिकेतील सर्वसाधारण ०.०८ टक्के मर्यादेपेक्षा पुष्कळच कमी ठेवलेली असते. मित्राकडून फुंकवून घेऊन गाडी हाकण्याची युक्ती चालू नये म्हणून वाटेतही अधूनमधून फुंकावे लागते. त्यात नापास झाल्यास धावती मोटार बंद पडत नाही, कारण तसे होणे धोक्याचेच ठरेल. मात्र भोंगा वाजू लागतो आणि नोंद होते. अनेक यंत्रांना आता कॅमेराही असतो. मद्यार्क असलेल्या औषधी द्रावणाने गुळण्या केल्या तरी यंत्र अडवते. काही मिनिटे थांबून पुन्हा फुंकले की वाट मोकळी होते. त्यातील नोंदी वेळोवेळी तपासल्या जातात.

कॅलिफोर्नियाने १९८६ साली या यंत्रास प्रथम कायद्यात स्थान दिले. न्यू मेक्सिकोची कहाणी अधिक दुःखद आहे. १९९२ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला अल्बुकर्कीजवळच्या महामार्गावर उलट दिशेने आलेल्या मद्यपी चालकाने एका मोटारीस धडक दिली. एक माता व तिच्या तीन मुली प्राणास मुकल्या. त्या घटनेने राज्य हादरले आणि कायदे कडक होऊ लागले. २००३ साली, परवाना गमावलेल्या चालकास हे यंत्र बसवून पुन्हा वाहन चालविण्याची मुभा देण्यात आली, आणि २००५ पासून पहिल्याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्यासही यंत्र सक्तीचे झाले. आज तिसाहून अधिक राज्यांत असा कायदा आहे.

परवाना काढून घेणे ही जुनी शिक्षा असताना या यंत्राची गरज काय, असे कोणी विचारील. परवाना गेला म्हणून माणूस मोटार चालविणे सोडतोच असे नाही. नोकरी दूर, बस नाही, घरी मुले. तो चोरून चालवितो, आणि ते पुष्कळदा उघडकीस येत नाही. यंत्र त्याला कामावर जाऊ देते, पिऊन मात्र जाऊ देत नाही. शिक्षेचा हा प्रकार आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करता, यंत्र बसविलेले असेपर्यंत पुन्हा तोच गुन्हा करण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सर्व दोषींना यंत्र सक्तीचे करणाऱ्या राज्यांत मद्यजन्य अपघाती मृत्यू १५ टक्क्यांनी कमी आढळले.

‘बसविलेले असेपर्यंत’ हे शब्द मात्र महत्त्वाचे आहेत. यंत्र काढले की प्रमाण पुन्हा पूर्ववत होऊ लागते. नळी श्वास मोजते, व्यसन बरे करीत नाही. म्हणूनच स्वीडनने १९९९ साली सुरू केलेल्या प्रयोगात दोन वर्षे यंत्राबरोबरच नियमित वैद्यकीय तपासणीही ठेवली होती. दुसरा आक्षेप पैशांचा. यंत्राचे मासिक भाडे दोषी व्यक्तीनेच भरायचे, ते गरिबास जड जाते. न्यू मेक्सिकोने त्यासाठी साहाय्य निधी ठेवला आहे. त्याच मोटारीने जाणाऱ्या पत्नीलाही रोज फुंकावे लागते, हा तर विनाकारण सोसावा लागणारा अपमान. आणि ‘माझ्या नावावर मोटारच नाही’ असे सांगून निसटणारे आहेतच.

तरीही मोठी पळवाट यंत्राच्या फार अलीकडे आहे, हे अल्बुकर्कीने दाखवून दिले. यंत्र दोषी ठरलेल्यासच बसते. साक्षीदार पोलीसच विकला गेला तर दोष सिद्ध होणार कसा? मे २०२४ मध्ये पुण्यात भरधाव आलिशान मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्या अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलला गेल्याचा पोलिसांचा आरोप आहे आणि त्या प्रकरणी डॉक्टरांना अटकही झाली. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. परंतु आरोपीस प्रथम जामीन देताना अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

आपल्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ कागदावर अमेरिकेपेक्षा कडक आहे. शंभर मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद. यंत्राचा मात्र त्यात उल्लेख नाही. आपल्या रस्त्यांवर दुचाकींचीच गर्दी अधिक, आणि तेथे ही नळी बसविणे सोपे नाही, हे मान्यच. म्हणून सर्वांना एकदम सक्ती करा असे आम्ही म्हणत नाही. फ्रान्सने २०१५ पासून प्रवासी बसगाड्यांत हे यंत्र अनिवार्य केले आहे. शाळेच्या बसगाड्या, रात्रीच्या खासगी आरामबस, आणि कलम १८५ खाली दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याची चारचाकी, एवढ्यापासून आपल्या परिवहन खात्याला आरंभ करता येईल. नोंदी मात्र पोलीस ठाण्याकडे न जाता थेट न्यायालयाकडे जाव्यात.