पोरांची प्रतवारी



बारावीचा, सीईटीचा निकाल लागला की गावात एकच प्रश्न : किती पडले? आकडा कळला की पोरगे काय होणार ते पारावरच ठरते. कापूस एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर आपला माल असाच ग्रेडरच्या हाती जात असे. १९७२ साली सुरू झालेली ती योजना गेली, प्रतवारीची सवय मात्र आपल्या घरात राहिली.

चांगले गुण मिळालेली पोरगी इतिहास शिकते म्हणाली, तर मामा-काका हळहळतात, ‘गुण वाया घालवले!’ जणू गुण म्हणजे गाडीत भरलेला माल; सर्वांत महागडी जागा मिळाली तरच पैसे फिटले.

खरे मरण मधल्या पोरांचे. सीईटी दिली असेल तर बारावीच्या विज्ञान-गणितात खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीवला ४० टक्के असले की अभियांत्रिकीला अर्ज करता येतो. १९८३ पासून राज्यात विनाअनुदान महाविद्यालये निघाली. रिकाम्या जागा भरणे ही त्यांची नड आहे, आपली नव्हे. दार ४५ ला उघडते, पण आतला गणिताचा पेपर ४५ वाल्यासाठी कोणी सोपा काढत नाही. पोराचे पहिल्याच वर्षी विषय राहतात आणि बाप संक्रांतीपर्यंत ठेवायचा कापूस दिवाळीलाच मिळेल त्या भावात मोकळा करतो. २०२४ साली सरकारने अनेक प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. चांगले केले. खोलीभाडे आणि खानावळ मात्र बापाकडेच.

आणि शेतकीचे शिक्षण? अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे, परभणीचे १९७२ चे. दोन्ही आपल्याच कोरडवाहू मुलखात. तिथली पदवी घेऊन पुष्कळ मुले स्पर्धा परीक्षेच्या मागे लागतात. आम्ही त्यांना बोल लावत नाही. ज्वारी-कपाशीत खर्च निघत नाही, हा धडा ती घरूनच शिकून गेलेली असतात.

आमची मागणी साधी आहे. इतक्याच गुणांवर चार वर्षांपूर्वी आलेल्या मुलांपैकी किती वेळेत पास झाली, ते प्रत्येक महाविद्यालयाने माहितीपत्रकावर छापावे. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापावी लागते, मग इथे का नको? जिल्हा बैठकीत तसा ठराव मांडू. यंदा ज्यांच्या घरी बारावी झाली, त्यांनी हाती आलेली माहितीपत्रके बरोबर आणावीत.