आधी संस्थेचं नाव वाच!

आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी परवा प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एक पिवळा पडलेला कागद काढला. 'घाशीराम कोतवाल'चं हँडबिल. मी लगेच मोबाइल काढला, स्टोरी टाकायला. आजोबा म्हणाले, "फोटो नंतर. आधी संस्थेचं नाव वाच."

नाव होतं प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए. बरं, मग? घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा ट्यूब पेटली. विजय तेंडुलकरांचं हे नाटक जब्बार पटेलांनी बसवलं आणि पहिला प्रयोग झाला १६ डिसेंबर १९७२ ला, आपल्या भरत नाट्य मंदिरात. माणसांचीच भिंत, तीच पडदा, तीच कोरस! पण वाद पेटला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक थांबवलं. मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली, प्रयोग पुन्हा सुरू झाले आणि १९८० मध्ये नाटक थेट युरोपात गेलं. म्हणजे पीडीएचं नाव असलेला कागद त्या पहिल्या १९ प्रयोगांच्या काळातला. एका ओळीत काळही कळतो आणि भांडणही.

असे कागद किती घरांतून रद्दीत गेले असतील? सिनेमाचं बरंय. लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोस्टरं, गाण्यांच्या पुस्तिका जपून ठेवल्यात. नाटकाची संहिता छापली जाते, गाजलेल्या नटांच्या मुलाखती होतात. पण त्या रात्री लाइट्स कोणी केले, कपडेपट कोणी सांभाळला, हे बऱ्याचदा फक्त अशा पत्रकावर असतं. ते गेलं की तो माणूस गेला.

आणि आपण तर त्याहून भारी. मी सेकंड इयरला 'पुरुषोत्तम'च्या एकांकिकेला लाइट्स केले होते. दोन महिने तालमी, रात्री अकराला वडापाव, घरच्यांच्या शिव्या. आमचं पोस्टर होतं फक्त इन्स्टा स्टोरीवर, चोवीस तासांत गायब. ज्याच्याकडे फाइल होती त्याचा फोन बदलला. आज मी तिथे होते याचा पुरावा म्हणजे हाताला पोळल्याचा डाग.

यंदा एकांकिका करणाऱ्यांनो, पन्नास पत्रकं छापा. झेरॉक्स चालेल. तारीख वर्षासकट टाका, बॅकस्टेजची सगळी नावं टाका, एक कॉपी कॉलेजच्या लायब्ररीत द्या.

आजोबांनी कागद घरी नेऊ दिला नाही, अर्थात. पण फोटो काढू दिला. दोन्ही बाजूंचा.