घरी बसवण्याचा पगार साहेबाला, बेडी मात्र पोराला

मागच्या महिन्यात करमाडचा एक पोरगा नेमणूकपत्र घेऊन माझ्याकडे आला. डिप्लोमा झालेला, शेंद्रा एमआयडीसीत नोकरी लागलेली. बाप रोजंदारीवर, म्हणजे घरातला हा पहिला महिन्याचा पगार. पत्र बारा पानांचे, सगळे इंग्रजीत. नवव्या पानावर अट होती : नोकरी सोडल्यावर एक वर्ष त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत जायचे नाही. ते वर्षभर खायचे काय, याबद्दल एक अक्षर नाही. पोरगा म्हणाला, "दादा, सही करू का?"

या अटीला 'नॉन-कॉम्पीट' म्हणतात. मोठ्या साहेबांच्या करारात तिच्या जोडीला 'गार्डन लीव्ह' असते. राजीनामा दिला की घरी बसायचे, दुसरीकडे जायचे नाही, पण पगार चालू. काही शहाणे म्हणतात, पगार देऊन घरी बसवले तर अन्याय कुठला? चला, हिशेब मांडू.

समजा पगार ३० हजार, नव्या ठिकाणी ४० हजार मिळणार, आणि तीन महिने घरी बसायचे आहे. कंपनीने दिले ९० हजार. कामगाराचे वाढीव ३० हजार गेले. ओव्हरटाइम गेला, हजेरी बोनस गेला. आणि नवी कंपनी ऑपरेटरसाठी तीन महिने जागा रिकामी ठेवते का? ती दुसरा माणूस घेते. म्हणजे साहेबाला जी सुट्टी, तीच कामगाराला जुगार. त्यातही आपल्या पोराला हे ९० हजारसुद्धा नाहीत. त्याला नुसती बंदी, तीही फुकट.

आता रिकामे बसण्याचे भाव बघा. साहेबाला घरी बसवले तर पूर्ण पगार. कायम कामगाराला काम नाही म्हणून 'ले-ऑफ' दिला, तर कायद्याने मूळ पगार व महागाई भत्त्याच्या ५० टक्के. कंत्राटी कामगाराला गेटवरूनच परत पाठवतात, त्याच्या हातात शून्य. पोट तिघांनाही सारखेच आहे. मग भाव तीन का? यालाच बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणत. कारखान्यात ती नव्या नावाने नांदते आहे.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ सांगते, कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. १९६७ च्या गोलीकरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या रेयॉन कारखान्यातल्या शिफ्ट सुपरवायझरवरची बंदी मान्य केली, पण ती पाच वर्षांच्या कराराची मुदत चालू असेपर्यंतच. नोकरी संपल्यानंतरची बंदी न्यायालये मानत नाहीत. व्हीएफएस ग्लोबलच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तर नोकरी सुटल्यानंतरची पगारी गार्डन लीव्हसुद्धा प्रथमदर्शनी कलम २७ च्या विरोधात ठरवली. पैसे दिले म्हणून बेडी दागिना होत नाही!

मग ही मेलेली अट छापतात कशाला? भीतीसाठी. रिलीव्हिंग लेटर अडवता येते, नोटीस धाडता येते. साहेब वकील लावतो, रोजंदारीवाल्याचा पोरगा गप्प बसतो. अट कोर्टात टिकत नाही, पण करमाडच्या घरात टिकते.

कंपनीचे गुपित असते, हे मान्य. ड्रॉइंग चोरणे, ग्राहकांची यादी पळवणे चूकच, त्यासाठी गोपनीयतेची अट ठेवा. पण पोराच्या हातातले कसब हे कंपनीचे गुपित नव्हे. ते त्याचे एकमेव भांडवल आहे.

आता कोणी म्हणेल, जर्मनीसारखे करा. तिथे किमान अर्धा पगार दिला तर दोन वर्षांपर्यंतची बंदी चालते. आपल्याकडे हा सौदा आणण्याआधी महार वतन आठवा. वतनातही थोडी जमीन होती, बलुते होते. बदल्यात माणूस पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले, ते बलुते वाढवून घेऊन गप्प बसण्यासाठी नव्हे. १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी दाखवले की जात माणसाला धंदा बदलू देत नाही, आणि म्हणून बेकारी जन्माला घालते. जातीने जे केले तेच आता करारपत्राने करायचे काय? संविधानाचे कलम १९(१)(छ) व्यवसायाचे स्वातंत्र्य देते. ते नवव्या पानावर सही घेऊन काढून घेता येणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. नेमणूकपत्र मराठीत द्या. कामगारांच्या पत्रातून ही अट काढा. नोटीस काळात कोणाला घरी बसवायचे असेल तर पूर्ण पगार द्या, पीएफ भरा, आणि त्याच्या हक्काच्या रजेला हात लावू नका.

त्या पोराला मी सांगितले : सही कर, नोकरी सोडू नकोस. पण पत्राची प्रत घरी ठेव, मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात देऊ नकोस. बाँडची रक्कम लिहिली असेल तर आधी दाखव, कारण ती गोष्ट वेगळी आहे. २०२५ साली विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांआधी नोकरी सोडल्याबद्दलचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला आहे. आणि उद्या चांगली नोकरी मिळाली तर नवव्या पानाला घाबरून घरी बसू नकोस. नोटीस आली तर एकटा जाऊ नकोस, आम्हाला हाक मार.

शिका म्हणजे करारपत्रही वाचायला शिका. जय भीम!