ट्रेनिंग बघणाऱ्याला ट्रेनिंग कोण देणार?

चाकण, रांजणगाव, बुटीबोरी... कुठल्याही एमआयडीसीत जा. ट्रेनिंग को-ऑर्डिनेटर म्हणजे बहुतेकदा हॉल बुक करणारा, चहा-समोसे सांगणारा, हजेरीवर सह्या घेऊन ग्रुपवर फोटो टाकणारा पोरगा. दोष त्याचा नाही. त्याला दुसरं काही शिकवलेलंच नसतं!

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आज ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. पोरं येतात, पण त्यांच्या शिकण्याचं नियोजन कोण करतो? आयटीआयच्या निदेशकांसाठी वर्षभराचा सीआयटीएस कोर्स आहे. कंपनीतल्या को-ऑर्डिनेटरला मात्र एक पीपीटी दाखवली की झालं.

माझं म्हणणं सरळ आहे. त्याला आधी पंधरा दिवस शॉप फ्लोअरवर पाठवा. माल कुठे रिजेक्ट होतो, हात कुठे अडकू शकतो, हे जुन्या ऑपरेटरकडून समजून घेऊ दे. त्यावरून ट्रेनिंग ठरवायला शिकवा. आणि महिन्याभराने पुन्हा लाईनवर जाऊन बघू दे, शिकवलेलं कुणी करतंय का?

सह्यांचा कागद ऑडिटला चालतो हो. प्रेसखाली गेलेलं बोट त्याने परत येत नाही.

तुमच्याकडे काय चालतं? लिहा.