मैदान मिळाले, पुढे काय?

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने अमिताभ बच्चन यांच्या भूमिकेची आणि सुमारे तीन तासांच्या लांबीची. लांबी खटकते हे खरेच. उत्तरार्ध आटोपता घेता आला असता. परंतु या चर्चेत नागपुरातील मूळ कार्य मात्र झाकोळले गेले.

हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली भर पावसात वस्तीतील मुलांना फुटक्या बादलीला लाथाडत खेळताना पाहिले. चेंडू नाही, बूट नाहीत. तरी खेळ रंगलेला. खेळ चालू असेतोवर ही मुले वाईट मार्गापासून दूर राहतात, ही साधी गोष्ट त्यांनी हेरली. त्यातूनच ‘झोपडपट्टी फुटबॉल’ आणि पुढे ‘स्लम सॉकर’ उभे राहिले.

चित्रपटातील शिक्षक प्रारंभी मुलांना चक्क पैसे देऊन खेळवतो. पुढे तो पैसे थांबवतो, तेव्हा मुले फुकट खेळायला राजी होतात. सेवावस्तीत काम केलेल्या कोणाही कार्यकर्त्यास हा प्रसंग ओळखीचा वाटेल. नशेच्या आहारी गेलेला, पोलीसदप्तरी नाव लागलेला मुलगा व्याख्यानाला फिरकत नाही; खेळायला मात्र येतो.

चित्रपटाचा सर्वांत अस्सल भाग मैदानाबाहेरचा आहे. परदेशी स्पर्धेस जायचे तर पारपत्र हवे आणि पारपत्रासाठी कागद हवेत. दुर्गम गावातील एक मुलगी व तिचे वडील आपली ओळख सिद्ध करण्यासाठी दारोदार हिंडतात. पिढ्यान्पिढ्या याच भूमीवर राहिलेल्या माणसाजवळ आपण कोण, हे सांगणारा कागद नसावा! तिकडे नायकाच्या वाटेत त्याच्यावरील गुन्हा आडवा येतो. गोलरक्षकाला चकवणे त्या मानाने सोपे म्हणायचे.

बेघरांची विश्वचषक स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सुरू झाली. मैदानात प्रत्येकी चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. तिचा एक नियम विचार करायला लावणारा आहे : खेळाडूस आयुष्यात एकदाच तीत भाग घेता येतो. म्हणजे परतल्यावर पुन्हा तीच वस्ती, तीच संगत आणि तेच पोलीस ठाणे. चित्रपट विमानाच्या उड्डाणापाशी थांबतो. नाट्याच्या दृष्टीने ते योग्यच. खरी कसोटी मात्र विमान परत उतरल्यावर लागते. ‘स्लम सॉकर’मध्ये घडलेले काही खेळाडू पुढे तेथेच प्रशिक्षक झाले. हे यश चषकाहून मोठे. पण त्याला रोजचे मैदान लागते.

आणि मैदाने आहेत. चित्रपटात महाविद्यालय व वस्ती यांच्यामध्ये एक भिंत उभी आहे. शहरोशहरी अशा भिंतींच्या आत शाळांची मैदाने सायंकाळनंतर कुलूपबंद पडून असतात. मोडतोड होईल, पालक तक्रार करतील, रखवालदाराचा जादा पगार कोणी द्यायचा, हे आक्षेप अगदीच निराधार नाहीत. पण आठवड्यातून तीन सायंकाळी, एका जबाबदार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली फाटक उघडणे कोणत्या संस्थेस अशक्य आहे? त्या फाटकाच्या किल्ल्या ज्या संचालक मंडळांकडे असतात, त्यांत आपल्याच परिचयाची माणसे बसलेली आहेत.